सत्तावीस किलोची मुलगी

चौथीत असताना माझं वजन सतरा किलो होतं. हे वाक्य मी आज उच्चारलं की घरातली माणसं आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. बघू देत. ज्यांनी मला तेव्हा पाहिलंय त्यातली निम्मी माणसं अजून आमच्या पेठेत हिंडतायत, खुशाल विचारून घ्या. शाळेचा पिनाफोर माझ्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायचा, आणि आईनं खिळा तापवून पट्ट्याला पाडलेली जादा भोकं पार पट्ट्याच्या मध्यापर्यंत पोचली होती. दुसऱ्या कुठल्याही घरात हे खपून गेलं असतं. आमच्या घरात तो उघडउघड अपमान होता, कारण आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, जुने पैलवान.

आबांचे दोन्ही कान कुस्त्यांमध्ये मोडून घट्ट गोळे झालेले होते, आणि मान ही वस्तू त्यांना बहुधा मिळालीच नव्हती, डोकं थेट खांद्यांवर आणून ठेवलेलं. सत्तरीतही ते पहाटे बैठका मारायचे. दोन खोल्यांचं घर, त्यामुळे माझी झोप रोज त्यांच्या ‘हूं... हूं’नं उडायची. त्याच्या मागोमाग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग खलबत्त्यात बदाम कुटल्याचा, आणि मग फाउंड्रीतून रात्रपाळी करून आलेल्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सायकलीचा स्टँड दणकन लावल्याचा. या सगळ्या दणदणाटात मी एका कोपऱ्यात चतकोर भाकरी चहात बुडवून बसलेली. आबा माझ्याकडे बघायचे आणि आईला विचारायचे, “सूनबाई, ही पोरगी हाय का वाळत घातलेला टावेल?” आई पदर तोंडाला लावून हसायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

माझ्या अंगावर मांस चढवायचा आबांचा एक कार्यक्रम होता. रोज दिवेलागणीला ते मला बोटाला धरून गंगावेशीत न्यायचे. तिथं रस्त्याकडेलाच म्हशी उभ्या असत आणि गवळी समोर धार काढून ग्लास हातात देत. ज्यानं कोल्हापुरात ते दूध प्यायलं नाही त्याला त्या फेसाची कल्पना द्यायची कशी? कोमट, गोड, आणि ओठावर पांढऱ्या मिशा. आबा एका दमात दोन ग्लास रिचवायचे. मी अर्ध्या ग्लासाशी झटापट करायची. आमच्या नेहमीच्या म्हशी होत्या त्या शैलाच्या वडिलांच्या. ते धार काढायचे आणि शैला ग्लास भरून द्यायची.

शैला माझ्याच वर्गात होती. वर्गात म्हणजे शेवटच्या बाकावर, कारण ती पुढं बसली की मागच्या दोघींना फळा दिसत नाही अशी तक्रार. उंच, रुंद, हाडापेरानं मोठी, आणि स्वभावानं इतकी मऊ की मुलं तिला ‘रोडरोलर’ म्हणून ओरडली तर ती त्यांनाच वाट सोडून भिंतीला चिकटून उभी राहायची. खेळाच्या तासाला तिला कुठल्याच गटात कुणी घेत नसे. ती वडाखाली बसून आम्हा सगळ्यांच्या चपला सांभाळायची. मी पण तिच्याकडे चप्पल देऊन पळायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आज हे लिहिताना मात्र हात थोडा थांबतो.

आमच्या वर्गशिक्षिका मोहितेबाई. बुटक्या, गोऱ्या, आणि खडू मोडला तरी खडूवर रागावणाऱ्या. त्या वर्षी गणितात सरासरी आली. बाईंनी पाच जणींना पुढं बोलावलं आणि कुणाच्या हातात दोन, कुणाच्या नऊ, असे वेगवेगळे चिंचोके दिले. मग सगळे टेबलावर ओतायला लावले आणि सारखे वाटे करायला सांगितलं. प्रत्येकीच्या वाट्याला पाच आले. “सगळ्यांचं एका ठिकाणी आणायचं, आणि जेवढी डोकी तेवढे सारखे वाटे पाडायचे. एका वाट्याला येईल ती सरासरी. कळलं?” आम्ही ‘व्हय बाई’ असा गजर केला. मला हिशेब चटकन जमला. जमला म्हणजे, बेरीज करून भागाकार करता आला. पण ती सरासरी नेमकी असते कुठं, हे काही कळलं नाही. बाईंनी फळ्यावर ‘वर्गाची सरासरी उंची १२८ सेंमी’ लिहिल्यावर मी मधल्या सुट्टीत पट्टी घेऊन १२८ सेंटिमीटरची मुलगी शोधत फिरले. माझी समजूत अशी की कुठंतरी एक सरासरी मुलगी असणार, नीटनेटकी, वेणीला रिबीन लावलेली, ना जास्त ना कमी, आणि आम्ही बाकीच्या सगळ्या तिच्यापेक्षा काहीतरी चुकलेल्या. सापडली नाही. पण ती दुसऱ्या तुकडीत असेल असं मी धरून चालले.

घरी मी भाकऱ्यांची सरासरी काढली. आबा पाच, अण्णा चार, आई दोन, मी एक. बारा भागिले चार, तीन. मी जाहीर केलं, “आपल्या घरात एक माणूस तीन भाकऱ्या खातो.” आबांनी घास थांबवला. “कोण त्यो?” मी म्हटलं, सरासरीनं. आबा म्हणाले, “बाळा, दोन भाकऱ्या कमी खाऊन मी झोपतो, आन् दोन जादा तू खा. मग तुझी सरासरी खरी.” अण्णांना ठसका लागला.

अशात पेठेतल्या एका तरुण मंडळानं शाळांच्या रस्सीखेचीच्या स्पर्धा जाहीर केल्या. आदल्या वर्षी म्हणे कुणीतरी थोराड पोरी उतरवल्या होत्या आणि त्यावरून भांडणं झाली होती, म्हणून या वेळी नियम घातला: संघात सहा मुली, आणि संघाचं सरासरी वजन सत्तावीस किलोच्या वर नको. शाळेला वजनकाटा नव्हता. शाळेच्या मागे गुळाची अडत होती, तिथं बाबूकाकांच्या काट्यावर आम्हाला उभं केलं. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजायचा तो भला मोठा काटा. बाबूकाकांना सौद्याची सवय, त्यामुळे ते प्रत्येकीचं वजन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारायचे, “अठ्ठावीऽऽस!” शैलाची पाळी आली तशी ती काट्याजवळ जाऊन थबकली. बाईंच्या पदराला धरून हळूच म्हणाली, “बाई, त्यास्नी गप बसाय सांगा की.” बाईंनी बाबूकाकांना दटावलं, आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली, कारण बेरीज करायची माझ्याकडे होती. बेचाळीस. मी तो कुणाला सांगितला नाही. तिच्याकडून चपला सांभाळून घेणाऱ्या माझ्या हिशेबात तेवढा चांगुलपणा तरी जमा धरा.

चार मुली ठरलेल्या होत्या. अठ्ठावीस, सव्वीस, पंचवीस आणि चोवीस किलोच्या. बाईंना दोरीच्या शेवटी शैला हवीच होती. पण ती घेतली की सरासरी सत्तावीसच्या वर उडी मारायची. बाईंनी पाटीवरची बेरीज पुसली, परत केली, परत पुसली. सहा मुलींना सत्तावीसच्या हिशेबानं एकूण एकशे बासष्ट किलो चालणार. पाच जणींचे एकशे पंचेचाळीस झालेले. उरले सतरा. बाईंनी चष्म्यावरून वर्गभर नजर फिरवली आणि ती नजर येऊन थांबली ती, मायबाप हो, माझ्यावर. आयुष्यात पुढं मला दोन-चार मान मिळाले, पण केवळ नसण्याबद्दल निवड झाली ती तेवढीच. आणि माझ्यामुळे शैला संघात आली. ती जागची उठली आणि तिनं मला उचललंच. “ए, खरंच मी खेळणार?” ती विचारत राहिली. “खरंच मी खेळतो संघात? दोरीला हात लावू देत्यात मला?” आमच्याकडे मुलीही ‘मी जातो, मी खेळतो’ असंच म्हणतात, पण त्या दिवशी तिच्या ‘मी’मध्ये काहीतरी निराळंच होतं.

इथून पुढं माझा गुन्हा सुरू होतो. घरी जाऊन मी सांगायला हवं होतं की मला हलकी म्हणून घेतलंय. पण आबांच्या तोंडावर हे कसं सांगायचं? मी छाती काढून एवढंच म्हटलं, “आबा, मी रस्सीखेचीच्या संघात हाय. पुढच्या शनिवारी वजन करणार. सगळा संघ माझ्या वजनावर हाय.” यातला शब्द न् शब्द खरा होता. आबा पाट सोडून उभेच राहिले. पैलवानाच्या घरात ‘वजन करणार’ याचा अर्थ एकच होतो. तो अर्थ कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि दुसरा काही अर्थ असू शकतो हे मात्र समजावून सांगितलं तरी पटत नाही.

तो आठवडा! सोमवारी खारीक-बदामाचं दूध. मंगळवारी चार अंडी, पैकी दोन कच्ची. बुधवारी मटणाचं अळणी सूप, वर तुपाचा तवंग. आईनं गुळाच्या पोळ्या केल्या, अण्णांनी येताना पेढे आणले, शेजारच्या काकू वाटीभर खीर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आमची पण मदत.” गंमत अशी, की मला ते आवडायला लागलं. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत बसलंय, आणि मी गादीवर बसलेल्या महाराजांसारखी पोळीचा तुकडा मोडतेय. आईला एकदा शंका आली. “बाईंनीच सांगितलंय न्हवं एवढं खायला?” मी मान अशी हलवली की ती हो पण होती आणि नाही पण. हे मी पुढं संसारात फार उपयोगाला आणलं.

आणि संध्याकाळी गंगावेस. शैला आता माझ्यासाठी ग्लास काठोकाठ भरायची आणि मी अर्धा संपवला की वरून परत ओतायची. “किती वततीस गं तिला!” तिचे वडील ओरडायचे. “असू दे की बा. तिच्यामुळं मी संघात हाय.” मला हिशेब येत होता. शैलाला तो येत नव्हता. ती आपल्या हातानं आपलीच जागा माझ्या पोटात ओततेय हे तिथं उभ्या असलेल्यांत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ग्लास पुढं करत होते. नको म्हटलं तर तिचं तोंड उतरलं असतं, हे कारण मी स्वतःला देत असे. दूध गोड होतं, हे दुसरं.

शनिवारी सकाळी तालमीच्या मैदानावर ही गर्दी. आबा कोशाचा फेटा बांधून पुढच्या रांगेत. बाबूकाकांचा काटा हातगाड्यावरून आणलेला. बाईंनी आधीच बजावलं होतं म्हणून बाबूकाका प्रत्येकीचं वजन चिठ्ठीवर लिहून पंचांकडे देत होते, आणि न ओरडण्याच्या कष्टानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी काट्यावर चढले. बाबूकाकांनी वजन सरकवलं, मग आणखी थोडं सरकवलं. मला वरूनच दिसलं. अठरा.

पंच म्हणजे मंडळाचे एक लांबट गृहस्थ. त्यांनी बेरीज केली, एकशे त्रेसष्ट. “बाई, सहांनी भागलं तर सत्तावीस, आणि वर एक उरतोय. बसत न्हाय. एक मुलगी बदला.” राखीव मुलगी एकोणतीस किलोची होती. बदलायची कोण हे उघड होतं, शैला काढली तरच बेरीज बसत होती. शैलानं हाताला गुंडाळलेली फडक्याची पट्टी सोडायला घेतली. “बाई, मी बसतो बाहेर. चपला हाईत की तिकडं, बघतो.” रडली नाही ती. अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, आणि तेच मला सोसेना. मी मोठ्यानं भोकाड पसरलं. भोकाडातून सगळं बाहेर आलं, चिठ्ठी, सतरा, अळणी, अंडी, दूध. आबा गर्दीतून पुढं आले. “काय बोलालीस तू? हलकी म्हणून घेतलीय तुला?” मी हुंदके देत मान हलवली, या वेळी फक्त हो. आबांनी फेटा काढून हातात घेतला. मला वाटलं, गेली अब्रू. आणि ते म्हणाले, “आधी सांगितलं असतंस तर सात दिवस उपाशी ठेवली असती की गं. किती जादा हाय?”

“एक किलो.”

“कुणाचं?”

आणि इथं, डोळे पुसता पुसता, मला बाईंचे टेबलावर ओतलेले चिंचोके दिसले. “माझं एकटीचं न्हाय आबा,” मी म्हटलं. “समद्यांचं मिळून एक किलो. कुणाचंबी कमी झालं तरी चालतंय.”

आबांचे डोळे लकाकले. वजनात बसण्यासाठी शेवटच्या घटकेला काय काय करतात हे पैलवानाला शिकवावं लागत नाही. त्यांनी पंचांकडून अर्धा तास मागून घेतला आणि आम्हा सहाजणींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, स्वतः मागून हाकत. “पळा! घाम गाळा! थुंका! पाणी कुणी प्यायचं न्हाय!” एकीचे आजीनं घातलेले चांदीचे वाळे निघाले, चांगले वजनदार. दुसरीच्या खिशातून मूठभर सागरगोटे आणि एक कुलूप निघालं. कुलूप कशाला, याचं उत्तर तिला अजून देता येत नाही. सगळ्यांना दोनदा मोरीकडे पिटाळलं, मला चारदा. आज डॉक्टर मला म्हणतात, बाई, थोडं वजन उतरवा. मी त्यांना सांगते, आमचे आबा असते तर अर्ध्या तासात उतरवलं असतं.

परत काट्याशी आलो तेव्हा शैला सगळ्यात मागं उभी होती. मी बाईंना म्हटलं, “बाई, बेरीजच बघायची हाय न्हवं? मग समद्यांस्नी एकदमच चढवा की.” पंचांनी दुसऱ्या संघाकडे, मग घड्याळाकडे बघितलं आणि ‘चढवा’ म्हणून हात हलवला. गुळाचे पाच-सहा रवे मावायच्या त्या फळीवर आम्ही सहाजणी एकमेकींना मिठ्या मारून चढलो. मधोमध शैला, आणि मी तिच्या पाठीला चिकटलेली. श्वास घेतला तर वजन वाढेल म्हणून आम्ही तोही रोखून धरला. काट्याचा दांडा वर गेला, खाली आला, थरथरला. बाबूकाकांनी वजन एक खाच मागं घेतलं. दांडा आडवा झाला आणि तिथंच राहिला. मग मात्र त्या माणसाचा सगळा धीर संपला आणि सौद्यात भाव फुटावा तसा तो ओरडला, “एकशे बासऽऽष्ट!”

दोरीच्या खेळाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्यात माझं काम धरून ठेवण्याचं होतं. समोर पलीकडच्या पेठेतली शाळा, सगळ्या मुली एका मापाच्या, जणू साच्यातून काढलेल्या. माझी ती शोधलेली सरासरी मुलगी एक नाही, सहा! शिट्टी झाली. पहिल्यांदा आम्ही पुढं घसरलो, एक पाऊल, दीड पाऊल. शैला दोरी कमरेला घेऊन नुसती उभी होती, कुणाला दुखवू नये अशी. बाजूनं आबा गरजले, “शैले! वाट सोडू नगंस! आज तुला न्हाय सोडायची वाट!” आणि तिनं टाचा मातीत रोवल्या. मग मागं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिच्या घरच्या म्हशी पाण्याला निघाल्यावर टाकतात तसं, सावकाश आणि कुणाच्या बापासाठी न थांबणारं. माझे पाय जमिनीवर होते असं मी शपथेवर सांगणार नाही. दोरी मागं गेली आणि मी दोरीबरोबर गेले.

गलका चालू असतानाच समोरच्या शाळेचे सर तरातरा पंचांकडे आले. “ही मुलगी सत्तावीस किलोची? डोळे आहेत ना तुम्हाला? नियम काय आहे?” पंच कागद चाळायला लागले, मोहितेबाई पुढं सरसावल्या. तेवढ्यात कमरेची दोरी तशीच ओढत शैला सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिचा घामेजलेला चेहरा वर होता. सगळं मैदान ऐकत होतं.

“सर, सत्तावीस किलोची आमच्यात कुणीच न्हाय,” ती म्हणाली. “मी बेचाळीस किलो हाय. लिवून घ्या.”

पंचांनी खरंच लिहून घेतलं.